न सुटलेले प्रश्न महाविद्यालयात यावेत

तेव्हाच्या मद्रासमधील लॉयोला महाविद्यालयात फादर शार्ल रासीन गणित शिकवत. पॅरिसमध्ये एली कार्तां यांच्याकडे संशोधन केलेले हे जेझुइट धर्मगुरू विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमापलीकडचे आधुनिक गणित सांगत. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे त्यांचेच विद्यार्थी. या दोघांचे १९६५ मधील प्रमेय आजही जगभर अभ्यासले जाते.

आज चेन्नईत गणिताच्या दोन नामांकित संशोधनसंस्था आहेत. तेथे संशोधनपर व्याख्याने नित्य होतात. पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांपुढे मात्र आधीच सुटलेली उदाहरणेच येतात. शहरोशहरीच्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन अशी व्याख्याने आळीपाळीने भरवावीत. पहिली वीस मिनिटे विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेसाठी राखावीत. ज्याने न सुटलेला प्रश्न कधी पाहिलाच नाही, तो संशोधनाकडे वळणार कसा?