शोषता येईल तेवढेच पाणी

दल्ली-राजहऱ्याचे तांबडे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक ह्यांच्या बळावर ज्या नगराची उभारणी झाली, त्या भिलाईत मोटारीच्या गालिच्यात साचणारी धूळ इतर शहरांतील धुळीहून निराळी असते, आणि म्हणून ती काढण्याची रीतही निराळी असावयास हवी, ही गोष्ट अद्याप आपल्या ध्यानात नीटशी उतरलेली दिसत नाही. गाड्या धुण्याची ठिकाणे शहरात आता पुष्कळ झाली आहेत. तेथे दाबाने पाणी फेकणारा पंप असतो, साबणाच्या फेसाची तरतूद असते, मेहनती तरुण कामगार असतात; परंतु गालिच्यात शिरलेले पाणी तत्काळ ओढून घेणारे शोषणयंत्र बहुधा नसते. ते नसण्यात काही उणेपणा आहे असे मी मानीत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याच्यापाशी ते यंत्र नाही त्याने ते असल्याप्रमाणे पाणी ओतू नये.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या काळी कामगार सायकलीवरून पाळीला जात आणि बुटांना लागून येणारी धूळ उंबऱ्याबाहेर झटकली की प्रश्न मिटत असे. आज त्याच कामगार-वसाहतीच्या सेक्टरांतील क्वार्टरांपुढे मोटारी उभ्या असतात, आणि ती धूळ आता बुटांबरोबर मोटारीच्या बंदिस्त पोटात शिरते. तिच्यात खनिजाचे तांबडे कण असतात, चुन्याची पूड असते, रोलिंग मिलमधून येणाऱ्या माणसाच्या तळव्यांना चिकटलेले स्केलचे, म्हणजे तापलेल्या पोलादावर धरणाऱ्या पापुद्र्याचे, काळे कपचे असतात, आणि शहराबाहेर गेलेल्या गाडीत कन्हार किंवा मटासी ह्या इकडच्या शेतमातीचाही अंश असतो. ह्यांपैकी खनिजाचे कण पाण्यात विरघळत नाहीत. कोरडे असता ते तंतूंमध्ये सैल पडलेले असतात. पाणी पडले की त्यांचा चिखल होऊन ते तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतात. मग गालिचा वाळू लागला म्हणजे केशाकर्षणाने खालचा ओलावा तंतूंच्या टोकांकडे चढतो, आपल्याबरोबर तो तांबूस मळ वर आणतो, आणि काल स्वच्छ दिसलेल्या जागी दुसऱ्या दिवशी एक मळकट वर्तुळ उमटते. मालक समजतो की धुलाई कमी पडली, आणि पुन्हा धुण्याचा हुकूम देतो. वास्तविक पहिल्याच धुलाईत पाण्याचा अतिरेक झालेला असतो.

मोटारीच्या तळाची रचना ज्याने एकदा उघडून पाहिली आहे त्याला ह्या अतिरेकाचे भय वेगळे सांगावे लागत नाही. वर दिसतो तो पातळ कृत्रिम तंतूंचा गालिचा. त्याखाली आवाज व उष्णता अडविण्यासाठी घातलेला नमद्याचा किंवा फोमचा जाड थर. आणि त्याखाली पोलादी पत्रा. हा मधला थर पाणी धरून ठेवतो, आणि वरचा गालिचा हाताला कोरडा लागू लागल्यावरही तो कित्येक दिवस ओला राहू शकतो. त्यातून कुबट वास येतो, बुरशी धरते, आसनांखालून जाणाऱ्या विजेच्या तारांच्या जोडांत ओल शिरते, आणि पत्र्याला आतून गंज चढू लागतो. जे नगर देशाच्या रेल्वेला रूळ पुरविते त्या नगरातील गाड्यांचे पोलाद स्वच्छतेच्या नावाखाली सडावे, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते.

हाताने करावयाच्या कामाचा मोठा भाग कोरडाच असला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. चारही दारे उघडून, मॅट बाहेर काढून, त्या दूरवर झटकाव्यात. मग गालिच्यावर ब्रशच्या दांड्याने हलके ठोके देत जावे, म्हणजे तळाशी बसलेली रेती वर येते. नंतर मध्यम केसांच्या ब्रशाने तंतू एकदा उलटे व एकदा सुलटे विंचरावेत, आणि निघालेली धूळ घरातील साध्या व्हॅक्यूम क्लीनरने, तो नसल्यास मऊ केरसुणीने व सुपलीने उचलावी. हा क्रम एकदा करून थांबू नये. धूळ निघेनाशी होईपर्यंत तो पुनःपुन्हा करावा. स्केलमध्ये चुंबकाला धरणारा लोहांश पुष्कळ असतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एखादा जुना लोहचुंबक गालिच्यावरून सावकाश फिरविला तर जे कपचे ब्रशाला दाद देत नाहीत ते पिशवीला येऊन चिकटतात. मात्र तांबडे खनिज चुंबकाकडे फारसे ओढले जात नाही, त्यासाठी ब्रशच हवा.

एवढे झाल्यावरच बादलीला हात लावावा, आणि तोही पाण्यासाठी नव्हे, फेसासाठी. थोड्या पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून ते घुसळावे, वरचा फेस तेवढा ब्रशावर उचलावा, आणि एका वेळी वीतभर जागेपुरतेच काम करावे. फेसाने मळ सुटला की घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने तो पुसून घ्यावा; कारण तंतूंत राहिलेला साबण चिकट असतो आणि नव्या धुळीला धरून ठेवतो, इतका की बेपर्वाईने धुतलेला गालिचा न धुतलेल्याहून लवकर मळतो. मग येते खरे शोषण. त्यासाठी नवे टॉवेल कामाचे नाहीत, त्यांवरील खळ पाण्याला आत येऊ देत नाही. अनेकदा धुऊन मऊ झालेले जुने सुती पंचे घ्यावेत, घडी करून गालिच्यावर ठेवावेत आणि तळहाताचा, प्रसंगी सगळ्या देहाचा भार देऊन दाबावेत. पंचा ओला झाला की दुसरा घ्यावा. शेवटचा पंचा कोरडा वर येईल तेव्हाच पुढच्या वीतभर जागेकडे वळावे.

डागांविषयी थोडक्यात सांगता येईल. दूध किंवा रक्त सांडले असेल तर थंड पाणीच वापरावे, गरम पाण्याने ते पक्के होते. ग्रीसवर मैदा किंवा टाल्कम पावडर पसरून काही तासांनी झाडून घ्यावी. गंजाच्या डागावर ब्लीच कधीही घालू नये, त्याने तो डाग निघत तर नाहीच, उलट गडद होऊ शकतो. तेथे लिंबाच्या रसाचे थोडके थेंब, आधी दडलेल्या कोपऱ्यात परीक्षा करून, उपयोगी पडतात.

ऋतूचा विचार मात्र आपल्याकडे फारच थोडे लोक करतात. १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजा असते. कारखान्याच्या ह्या गावात त्या दिवशी यंत्रांबरोबर वाहनांचीही पूजा होते, आणि त्याआधीच्या दोन-चार दिवसांत गाड्या धुण्याच्या ठिकाणी रांगा लागतात. हा भाव मला अत्यंत आदरणीय वाटतो. परंतु तेव्हा पावसाळा सरलेला नसतो, हवेत आर्द्रता भरून असते, आणि त्या वेळी भिजविलेला गालिचा लवकर वाळण्याची आशाच नसते. पूजेपूर्वी बाहेरून गाडी न्हाऊ घालावी, आत कोरडे झाडून घ्यावे, आणि फेसाचे काम दिवाळीपूर्वीच्या कोरड्या दिवसांवर किंवा मे महिन्यावर टाकावे. मे महिन्यातील भिलाईचे ऊन दारे उघडी ठेवलेल्या गाडीचा तळ उत्तम वाळविते.

ह्या विद्येला लागणारी सामग्री स्वस्त आहे, परंतु तिला लागणारा वेळ स्वस्त नाही, आणि माझा खरा आग्रह येथेच आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ साली धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यापूर्वी त्याने आसनावर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली होती, आणि रुमालावर जमलेल्या धुळीने त्याची खात्री पटली होती, असे सांगतात. कापड आणि ओढ, एवढेच त्या यंत्राचे मर्म. पंचा दाबणारा आपला कामगार तेच काम मनगटाच्या जोरावर करतो. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत फरासखान्याची गणना होती. तंबू, जाजमे, गालिचे ह्यांची जोपासना ही त्या राज्यात स्वतंत्र जबाबदारी मानली जात असे. आज तेच काम आपण गाडीच्या बाहेरच्या धुलाईबरोबर फुकट पदरात पाडून घेऊ पाहतो, कामगाराच्या डोक्यावर उभे राहून तगादा लावतो, आणि मग त्याने उरका पाडण्यासाठी पाइप आत वळविला म्हणजे त्याला अडाणी ठरवितो. गाडी धुण्याच्या ठिकाणी दरपत्रकावर गालिच्याच्या हस्तकामाची रक्कम वेगळी लिहिलेली असावी, त्यातील ठरलेला हिस्सा ते काम करणाऱ्याच्या हाती पडावा, आणि गिऱ्हाइकाने गाडी सकाळी सोपवून सायंकाळी परत न्यावी, असा प्रघात पाडणे मालक व गिऱ्हाईक ह्या दोघांच्याही अधिकारातील गोष्ट आहे, आणि येत्या दिवाळीपासून ती सुरू करण्यास कोणतीही अडचण मला दिसत नाही.