थेंबाची कसोटी



महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या फडताळात होमिओपॅथीच्या ‘साबुदाण्याच्या गोळ्यां’ची एखादी तरी कुपी आढळतेच, म्हणूनच त्या गोळ्यांत मुरविलेल्या वनस्पती-अर्काचे विरलीकरणाच्या पायरीपायरीने नेमके काय होते, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या दप्तरी न ठेवता वाचकांसमोर रुजू करावा, या हेतूने प्रस्तुत अंक त्यास वाहिला आहे.

उदाहरणादाखल आम्ही बेलाडोना ही विषारी वनस्पती घेतली आहे. तिच्या गर्द मूळ अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंब मद्यार्कात मिसळून जोराने हलविला की पहिली शततमान पायरी सिद्ध होते; त्यातील थेंब पुन्हा नव्याण्णवांत, असे करता करता रंग विरतो, क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवरील बेलाडोनातील विषारी अ‍ॅट्रोपिनचा ठिपका मावळतो, आणि बाराव्या पायरीपलीकडे, अ‍ॅव्होगाड्रोच्या संख्येचा हिशेब मांडला असता, मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नाहीशी होते. उलटपक्षी, खालच्या पायऱ्यांत विष उरू शकते: बाळांच्या दात येण्याच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचे अंश कमीअधिक, प्रसंगी लेबलावरील प्रमाणाहून कितीतरी जास्त असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली जाहीर केले.

अर्थात, कुपीत द्रव्य सापडणे आणि रोग्यास गुण येणे या भिन्न गोष्टी असून दोहोंचा पुरावा स्वतंत्रपणे मागावा लागतो, ही या अंकाची भूमिका आहे. श्रद्धेचा अवमान न करता, परंतु प्रयोगाची भीडही न बाळगता, ही चर्चा व्हावी अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे. आपले अनुभव, शंका आणि आक्षेप निःसंकोच कळवावेत.