फोनच्या नोंदी आणि माणसाचे मोल

आपल्या पणजोबांच्या काळी उसाच्या मळ्यात सरदार रोज हजेरी घेत असे. १९व्या शतकात या बेटावर ‘डबल कट’ नावाची एक रीत होती. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तो का आला नाही, हे वहीत क्वचितच उमटत असे. वहीला आकडा कळे, माणूस कळत नसे.

आज त्याच मजुरांच्या घरांतील कितीतरी मुले-मुली एबेनच्या सायबर सिटीत बसून फ्रेंच व इंग्रजीत फोनवर ग्राहकांशी बोलतात. कष्टाचे स्वरूप पालटले, पण वही अजून आहे. आता ती संगणकात असते. आपली मुले तिच्यावरून जोखली जातात, म्हणून वडीलधाऱ्यांनीही ती समजून घ्यावी असे आम्हास वाटते.

कचेरीतील टेलिफोन यंत्रणा प्रत्येक फोनची एक ओळ आपोआप लिहिते. कोणी केला, कोणाला केला, केव्हा सुरू झाला, केव्हा उचलला, केव्हा संपला आणि शेवटी काय झाले, म्हणजे उत्तर मिळाले, लाइन व्यस्त होती की कोणी उचललाच नाही. या ओळीला ‘कॉल डिटेल रेकॉर्ड’ म्हणतात. बोलणे काय झाले ते तिच्यात नसते. दिवसाकाठी अशा शेकडो ओळी जमतात. त्यांची बेरीज-सरासरी करून साहेबांच्या मेजावर एका पानाचा अहवाल ठेवणारी सॉफ्टवेअर आज सर्रास मिळतात.

ही सोय वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एरलांग यांनी १९०९ सालीच फोनच्या गर्दीचे गणित मांडले होते. त्यांचेच नाव पुढे त्या मापाला मिळाले. तासाला ३० फोन येतात आणि प्रत्येकी ३ मिनिटे लागतात असे समजा. म्हणजे ९० मिनिटांचे काम झाले, त्यालाच दीड एरलांग म्हणतात. एका माणसाजवळ तासाला मिनिटे ६०च. तेव्हा तेथे दुसरे माणूस हवे, हे अहवालच सांगतो. एकट्यावर पडणारा भार असा उघड झाला तर त्यात कामगाराचेच हित आहे.

परंतु त्याच अहवालावरून माणसाची परीक्षा होऊ लागली की अडचण येते. मागे आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. म्हणाली, “गुरुजी, माझी सरासरी वाढली म्हणून मला बोलावून समज दिली. एका म्हाताऱ्या बाईंना बिल कळत नव्हते. मी ओळ न ओळ समजावून सांगितली, तेवढाच काय तो उशीर झाला.”

आम्ही तिला पाटीवरचे गणित करून दाखविले. ९ फोन ३ मिनिटांचे आणि १ फोन २३ मिनिटांचा. एकूण ५० मिनिटे, सरासरी ५. खरे पाहता दहांपैकी एकही फोन ५ मिनिटांचा नव्हता. हेच आकडे लहान-मोठे असे क्रमाने मांडून मधला पाहिला तर तो ३ येतो. उलट, जो ग्राहकाला अर्ध्यावर तोडतो किंवा दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो, त्याची सरासरी सुरेख दिसते!

आणखीही खाचा आहेत. १९९९ पासून चालत आलेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ नावाची एक मोफत टेलिफोन प्रणाली आहे. तिच्या नोंदीत वेळेचे दोन रकाने असतात. एकात घंटी वाजण्याचा वेळही धरलेला असतो, दुसऱ्यात फोन उचलल्यापासूनचाच. ४० सेकंद घंटी वाजली आणि १२० सेकंद बोलणे झाले, तर पहिला रकाना १६० दाखवितो, दुसरा १२०. अहवाल करणाऱ्याने चुकीचा रकाना घेतला तर न केलेले बोलणे माथी बसते. तसेच, एकच फोन एकदम पाच मेजांवर वाजविण्याची सोय असते. एकाने उचलला की उरलेल्या चौघांच्या नावे ‘उत्तर नाही’ अशी ओळ पडू शकते. यात चौघांचा दोष कोणता?

म्हणून अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की अहवालाने प्रश्न विचारावेत, निकाल देऊ नये. आकडा खटकला तर प्रथम त्या मुलाला वा मुलीला बोलावून ‘काय घडले?’ असे विचारावे. कोणता रकाना मोजला जातो, हेही कामगारांना आधीच सांगावे.

आपल्या मुलांना सांगणे हे, की आकड्याला भिऊन गप्प बसू नका. आपल्या देशाच्या २०१७च्या डेटा संरक्षण कायद्याने स्वतःविषयीच्या नोंदी मागून पाहण्याचा हक्क दिला आहे. केवळ यंत्राच्या हिशेबावर आपल्याविषयी मोठा निर्णय होऊ नये, अशीही तरतूद, काही अपवाद सोडून, त्यात आहे. नम्रपणे मागा, पण मागा. आणि थोडे गणित शिका. सरासरी कशी फसविते हे ज्याला कळते, त्याला आपली बाजू मांडता येते.

आई-वडिलांनीही संध्याकाळी दमून आलेल्या लेकराला ‘दिवसभर बसून तर बोलायचे, त्यात कष्ट कसले?’ असे म्हणू नये. मळ्यातल्या वहीपुढे आपले पूर्वज बोलू शकले नाहीत, कारण त्यांना ती वाचता येत नव्हती. आपल्या लेकरांना वाचता येते. तेव्हा त्यांनी ती वाचावी, आणि चूक दिसेल तेथे बोट ठेवावे.