परतीच्या मालाची जबाबदारी कुणाची?
ऑनलाइन मागवलेली वस्तू ग्राहक परत करतो. कंपनीने धाडलेला माणूस ती दारातून नेतो आणि पुढे उत्तर येते, 'माल पोहोचलाच नाही, पैसे मिळणार नाहीत!' हा कुठला न्याय? ग्राहकाने स्वतः कुरियर निवडले असेल, तर गोष्ट वेगळी. परंतु नेणारा कंपनीनेच नेमलेला असेल, तर वस्तू त्याच्या हाती देताच ग्राहकाचे कर्तव्य संपते. वाटेतील हानी कंपनीनेच सोसली पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात होणे बंधनकारक आहे. ग्राहकाने वस्तू दिल्याची पावती जपावी, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, प्रसंगी जिल्हा आयोगाकडे दाद मागावी. रक्कम क्षुल्लक म्हणून गप्प बसणे म्हणजे बेफिकिरीला खतपाणी घालणेच होय.