एकाच घरातली माणसं

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र परवा पुन्हा वाचायला घेतलं आणि सुरुवातीच्या पानांतच अडकले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुतलं तर उरणार किती? त्या धाकात वाढलेली दुसरी एखादी मुलगी जन्मभर कडवट राहिली असती. लक्ष्मीबाईंनी ते सारं हसत लिहिलं, वडिलांवर डूख न धरता.

पुढे लग्नगाठ पडली ती नारायण वामन टिळकांशी. त्यांना सतत पलीकडचं काहीतरी खुणावत असे. नोकरी, गाव, संसार सगळं त्यानंतर. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पण त्या फरफटत मागे गेल्या नाहीत. जात, शिवाशीव हे सगळं त्यांनी स्वतःच्या मनाशी तपासलं, सोडलं आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर आल्या. टिळक ओढीने गेले, त्या पटल्यावर गेल्या. मला तरी लक्ष्मीबाईंचं हे थांबणं जास्त अवघड वाटतं.

एकाच घरात दोघांना हलवणारी गोष्ट अशी निराळी. या अंकासाठी आम्ही लिहिणाऱ्यांना एवढंच विचारलं होतं: तुम्हाला आतून काय हलवतं? दोन बहिणींनी वेगवेगळं लिहून पाठवलं, आणि दोघींनीही लिहिलं ते आईच्या शिलाई मशीनबद्दल. धाकटीला त्या खडखडाटात गाढ झोप लागायची. थोरली त्याच आवाजाने उठून बसायची, आईला काजं-बटणं करून द्यायला.