गायरानाच्या रानाला खत कुठून आणायचे?

बीड जिल्ह्यात आपल्या बऱ्याच घरांकडे जमीन आहे ती गायरानाची. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 साली निघाला. कुणाच्या नावावर सातबारा झाला, कुणी अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आहे. आज आम्हाला लिहायचे आहे ते त्या जमिनीतल्या मातीविषयी.

गायरान म्हणजे गावाने पेरणीलायक नाही म्हणून सोडलेले रान. वीतभर माती, खाली मुरूम. दगड वेचून, बांध घालून आपल्या आयाबायांनी ते कसायला आणले. अशा रानात युरिया टाकला की कपाशी आठ-दहा दिवसांत हिरवीगार दिसते आणि पावसाने ओढ दिली की माना टाकते. मग दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली जातात. दरवेळी दोष खताचा नसतो.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते. शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. तेवढे नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टन खत हवे. तेव्हा ‘रासायनिक खत म्हणजे विष’ हा उपदेश आम्हाला पटत नाही. तो बहुधा भरल्या पोटी केला जातो. पण गोणीतले खत पिकाच्या कामी यायला मातीत कुजलेला पालापाचोळा, शेण काहीतरी असावे लागते. चुनखडीच्या तापलेल्या मातीवर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन तो हवेत उडतो. डीएपीतला स्फुरद चुन्याशी जखडून बसतो. जस्त, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. शेणखत कुजताना निघणारी आम्ले हे कुलूप सैल करतात, आणि कुजलेला भाग ओल धरून ठेवतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात 1988 साली ज्वारी-गव्हावर दीर्घकाळाचा प्रयोग सुरू झाला. नुसते नत्र दिलेले तुकडे मागे पडत गेले. शिफारशीची खते आणि शेणखत दोन्ही मिळालेले पुढे राहिले.

‘शेणखत घाला’ म्हणून सांगणारे सांगून मोकळे होतात. शेण आहे कुठे? दिवाळीच्या आगेमागे शिरूर कासार, पाटोदा, केज, धारूर, वडवणीकडच्या बैलगाड्या ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिने बैल कोल्हापूर-सांगलीच्या फडात. वाढे तिथे खातात, शेणही तिथेच पडते. आपल्या बैलांच्या शेणाने बागाईतदाराची जमीन पोसली जाते. घरी म्हातारी आणि दोन शेळ्या. सापडेल त्या शेणाच्या गोवऱ्या होतात, कारण सिलिंडर परवडत नाही. बाबासाहेबांनी 1918 सालच्या लहान शेतीवरील निबंधात दाखवले होते, की तुकडा केवढा यापेक्षा कसणाऱ्याकडे साधने आणि भांडवल किती, यावर शेती परवडणे ठरते. दोन एकर गायरान आणि रिकामा उकिरडा, यात ते आजही दिसते.

तरी हाताशी आहे ते वाया जाऊ देऊ नये. शेळीच्या लेंड्या शेणापेक्षा कसदार असतात. उन्हात उघडा ढीग केला की नत्र उडते. खड्ड्यात भरून वरून मातीने लिंपावे. कच्चे खत रानात नेऊ नये, हुमणी मागे लागते. बांधावर गिरिपुष्प लावावे. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत आणि पाल्यात नत्र भरपूर असते. डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ भातलागवडीत हाच पाला आणि भाताचा पेंढा खाचरात गाडतात, आणि युरिया-डीएपीची गोळी चार रोपांमध्ये चिखलात खोचतात. आपल्याकडे भात नाही, पण खत वरून न फेकता ओलीवर, मुळाजवळ मातीआड करणे कपाशीलाही तितकेच लागू आहे.

गिरिपुष्पाच्या फांद्या पहिल्या पावसात लावायच्या असतात. तेव्हा तोडीला गेलेली मंडळी घरी परतलेली असतात.