सेवेचा हिशेब कुणी मागायचा?

"आईचं करायचे कसले पैसे?" एम.एस.डब्ल्यू. करून कामाला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की बोलणाऱ्याची जागाही ओळखू येते. तो बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी येतो, आईच्या उशाशी फळं ठेवतो, डॉक्टरांची फाईल चाळतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. जी आईचं हागणं-मुतणं काढते ती हे वाक्य कधी बोलत नाही. तिला बोलायला सवडही नसते.

मैत्रिणींनो, घरकामाला 'काम' म्हणायचं, एवढं तरी आपल्या चळवळीने समाजाच्या गळी उतरवलं. पण म्हाताऱ्या माणसाची उस्तवार अजून 'सेवा' याच खणात पडून आहे. सेवा म्हटली की पुण्य आलं, आणि पुण्याला पगार कुणी देत नाही. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा. घरातली बिनपैशाची कामं करणाऱ्यांमध्ये बाईची दिवसाला 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्यांमध्ये बाईची 134, पुरुषाची 76. रात्री एक कान उघडा ठेवून झोपायचं, ती मिनिटं कुठल्या रकान्यात भरायची, हा प्रश्न वेगळाच.

एक घर सांगते. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आलेली मुलगी एका दुकानात हिशेब लिहीत होती. "तू घरीच आहेस ना", असं म्हणून भावांनी तिला ती नोकरी सोडायला लावली. (नोकरी करणारी बाई 'घरीच' कशी असते, हे मला आजवर उमगलेलं नाही.) आईचं एटीएम कार्ड थोरल्याकडे. डायपरचं पाकीट संपलं की बहिणीने फोन करायचा, मग पैसे यायचे, शिवाय "मागच्याच आठवड्यात आणलं होतं ना?" हा प्रश्न फुकट. अशी सहा वर्षं गेली. आई गेली, पेन्शन थांबली, आणि तेराव्याच्या आत बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद आला. त्या वेळी ती 52 वर्षांची होती. नोकरी नाही, शिल्लक नाही, राहतं घरही आता भावांचं. तिने सही केली, कारण "भाऊ तुटतील". अंगावर वळ नसल्यामुळे अशा बाया आपल्या सल्लाकेंद्रात येत नाहीत.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर हे लिखाण लबाडीचं होईल. अशीही घरं आहेत, जिथे म्हातारीचं श्रावणबाळ योजनेचं अनुदान खात्यात येतं त्या दिवशी सूनच तिचा हात धरून बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकवते आणि म्हातारीला चहापत्तीलाही पैसे उरत नाहीत. सुनेला विचारलं तर म्हणते, "मग त्यांना खायला कोण घालतं?" खायला तीच घालते, हे खरं आहे. आणि पैसे म्हातारीचे आहेत, हेही खरं आहे. इथे आपण सासूच्या बाजूने की सुनेच्या, असा वाद आमच्या बैठकीत रंगतो. माझ्या मते वादच चुकीच्या जागी सुरू होतो. दोघींच्या मधला पैसा उघड्यावर नाही, लिहिलेला नाही, म्हणून एकीचा हक्क दुसरीला चोरी वाटतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की काळजी घेणारीला मोबदला मिळावा, आणि तो म्हातारीच्या हयातीत, तिच्या पैशातून, तिच्या संमतीने, सगळ्या भावंडांच्या देखत ठरवून मिळावा. ब्यूरोची बाई ठेवली असती तर काय पडलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या निम्मे का होईना, दर महिन्याला बहिणीच्या खात्यात जावेत. एका वहीत औषध, डायपर, रिक्षा, दूध असं सगळं लिहावं आणि ती वही कुणालाही पाहता यावी. म्हातारीकडे पैसेच नसतील तर भावंडांनी वाटा उचलावा. ज्याला वेळ देता येत नाही त्याने पैसे द्यावेत, यात अपमान कुणाचाच नाही.

"अशाने नात्याचा बाजार होईल", असं काही मैत्रिणींना वाटतं. मला तसं वाटत नाही. हक्कसोडपत्र तेराव्याच्या आत तयार ठेवणाऱ्या घरात व्यवहार आधीच शिरलेला असतो. फक्त त्यात बाईची बाजू मांडलेली नसते.

पैशाच्या कागदांकडे दुखणं यायच्या आधी बघावं लागतं. खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि त्याची शुद्ध गेली तर बायकोला त्यातून रुपया काढणं मुश्कील होतं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय, म्हणून निश्चिंत राहू नका. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही तर आपल्या कायद्यानुसार ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. त्यापेक्षा खातं दोघांच्या नावे आणि 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं करावं. हात थरथरून सही जुळत नसेल तर अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेतला जबाबदार माणूस. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकाला घरपोच सेवा द्यावी, असंही रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत जाऊन ते आठवण करून मागावं लागतं, एवढंच. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा.

घराच्या बाबतीत मी बायकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: बक्षीसपत्रावर घाईने सही करू नका. बक्षीसपत्र केलं की घर लगेच गेलं. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, साध्या कागदावर चालतं, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार लागतात, ते तिऱ्हाईत असलेले बरे. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'माझा सांभाळ करावा' ही अट त्यातच लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 नुसार अट मोडली तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसली की भांडण लांबतं.

हाच कायदा चरितार्थाचे पैसेही मिळवून देतो. अर्ज प्रांताकडच्या न्यायाधिकरणात करायचा. म्हाताऱ्या माणसाला स्वतः जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला किंवा नोंदणीकृत संस्थेला करता येतो, म्हणजे आपल्याला करता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. एका मुलावर अर्ज झाला तर त्याला इतर भावंडांनाही ओढता येतं. पण रक्कम महिन्याला 10,000 च्या वर जात नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती कुठे पुरणार? शिवाय जी उस्तवार करते तिचा या कायद्यात उल्लेखही नाही. उलट सासू-सासऱ्यांना पुढे करून याच कायद्याने सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रकार झाले. 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने सुनेला मिळालेला राहण्याचा हक्क असा परस्पर पुसता येणार नाही. हा निकाल प्रत्येक सल्लाकेंद्रात छापून लावलेला असावा.

सरकारचा हिशेब तर आणखी मजेचा. लाडकी बहीण योजना 65 पर्यंत, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. श्रावणबाळ योजना 65 च्या पुढे, पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवं, नाहीतर वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत. लाखभर उत्पन्नाच्या घरातली बाई 64 व्या वर्षी मदतीला पात्र, आणि 65 ओलांडलं की सरकारच्या लेखी सुखवस्तू! सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना 2024 पासून पाच लाखांचं विमासंरक्षण आहे, तेही दवाखान्यात दाखल झाल्यावरच. घरच्या खाटेवरच्या वर्षानुवर्षांच्या खर्चाला त्यात जागा नाही. आणि योजनेला नाव दिलं ते श्रावणबाळाचं. घराघरांतल्या कावडी मुली आणि सुना वाहतात, हे नाव ठेवणाऱ्यांना दिसलं नसावं.

केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' ही योजना आहे. महिन्याला 600 रुपये, म्हणजे फारच तुटपुंजे. पण ते रुग्णाच्या नव्हे, काळजी घेणाऱ्याच्या नावाने मंजूर होतात. महाराष्ट्रात आपण हीच मागणी लावून धरायला हवी, आणि ती 1,500 च्या खाली नको. तोवर 2007 च्या कायद्याखाली अर्ज लिहून देताना गोळ्या-औषधांच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालू या: रात्रंदिवस करणाऱ्या बाईचा रोज, इतके दिवस, इतके रुपये. प्रांतसाहेब ती खोडतील तर खोडू देत. ती का खोडली, याचं कारण त्यांना निकालात लिहावं लागेल, आणि ते कागद गोळा करून आपल्याला वर जाता येईल.